बर्नलाचं कुंकू

रेवस बंदरावर लाँच लागली की उतारू आधी धक्क्याला पाय लावत आणि मग भागोजीच्या हॉटेलाला. हॉटेल म्हणजे माडाच्या झापांचं छप्पर, चार बाकडी आणि मागे एक चूल. पण त्या चुलीपुढे आवडाबाई बसे, आणि तिच्या हातचा चहा पोटात गेला की लाटांनी हललेली आतडी जागेवर येतात अशी ख्याती पार मुंबईपर्यंत होती.

आवडाबाई भागोजीची थोरली बहीण. नवरा आगबोटीवर खलाशी म्हणून गेला तो गेलाच. ना पत्र, ना मेल्याची खबर. त्यामुळे तिचं कुंकू कायम राहिलं, आणि कुंकू कायम म्हणून सासरचा हक्कही कायम राहिला. सासर म्हणजे पोयनाडच्याही आत एका खेड्यातला दीर अंबाजी. त्याच्या घरी गोठ्यातल्या म्हशीलासुद्धा नावाने हाक मारत. हिला मात्र नुसतं ‘अगं ए’. एका पावसाळ्यात लावणी उरकून ती जी माहेरी आली ती भावाच्या चुलीपाशीच बसली.

दिवाळी सरली आणि भागोजीने मुंबईहून मोठा पितळी स्टो आणला. टाकी घागरीएवढी. वर बर्नर, ज्याला बंदरावरची सगळी माणसं बर्नल म्हणायची. वाटीत स्पिरिट ओतून पेटवलं, पंप मारला आणि निळी ज्योत अशी गरजली की छपरावरचे कावळे उडाले. आवडाबाईलाही ती आवडली होती, खोटं कशाला बोला.

पण त्याच आठवड्यात अंबाजी बाजाराला आला आणि चहा पिता पिता स्टोकडे बघत राहिला.

"आता चुलीला कोन इचारतो?" तो म्हणाला. "वयनी रिकामी झाली. शिमग्याला गाडी आनतो. शेतात राब भाजायचा हाय, त्याला झाडांचं कवल तोडाया हात कमी पडतान."

भागोजी समुद्राकडे बघत राहिला. सासरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती, हे आवडाबाईला कळत होतं. तरी जीव दुखला. ज्याला कडेवर घेऊन आपण आट्यापाट्या खेळलो, त्याच्या तोंडून ‘बघू’ एवढं तरी निघावं की नाही?

दोन दिवस तिने चूल फुंकता फुंकता विचार केला. मग तिच्या डोक्यात सरळ हिशेब उतरला. चूल आहे तोवर आपण आहोत. तेव्हा स्टो बिघडला पाहिजे. आणि तो आपल्या हाताने बिघडला तरी आपल्यावर बालंट येता कामा नये.

शुक्रवारी तिने चूल सारवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि हातासरशी स्टोकडे वळली.

"त्याला कशाला?" भागोजीने विचारलं.

"आग ती आग. चुलीतली काय नि टाकीतली काय. पुजायला नको?"

तिने खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि बर्नलाचं कपाळ शोधून बरोबर तिथेच बोट टेकवलं. ते कपाळ म्हणजे जिथून घासलेटाची वाफ निघते ते सुईच्या अग्राएवढं भोक. दुसऱ्या दिवशी ज्योत पिवळी झाली, काजळी धरली आणि पंप मारमारून भागोजीच्या खांद्याला गोळे आले. शेवटी चूल पेटली. आवडाबाई फुंकणी घेऊन ऐटीत बसली.

मग दर शुक्रवारी पूजा आणि दर शनिवारी आजार. बंदरावर ज्याला त्याला निदान ठाऊक होतं. कोणी म्हणालं घासलेटात भेसळ, कोणी म्हणालं पंपाचा चामडी वायसर सुकला, कोणी म्हणालं समोरच्या पानवाल्याची नजर. भागोजीने वायसरला तेल दिलं, लिंबू-मिरची बांधली, तरी स्टो आपला खोकतच होता. अखेर अलिबागेहून चांगदेव मिस्त्रीला बोलावलं. तो धक्क्यावर दिसताच आवडाबाईने भोकात पिन फिरवून बर्नल घासलेटाने लख्ख पुसला. मिस्त्रीने काडी लावली. स्टो वाघासारखा गरजला. मिस्त्री चहाभजी खाऊन, ‘मशीन मालकाचा हात ओळखतं’ असं काहीतरी सांगून निघून गेला. आवडाबाई पदराआड हसली. या भानगडीत तिला त्या स्टोची नाडी मात्र पुरती कळली.

असा शिमगा आला. शिमगा म्हणजे मुंबईचे गिरणीवाले झाडून सगळे गावाकडे. लाँच कलंडेल इतकी भरून येणार. आदल्या दिवशी आवडाबाई कुंकवाचा करंडा घेऊन स्टोपाशी बसली आणि तशीच बसून राहिली. एवढी गर्दी एका चुलीच्या बापाला झेपणारी नव्हती. भावाचं हॉटेल बुडवून आपण तरायचं हे तिला जमेना. तिने करंडा मिटला, बर्नल निर्मळ पुसला आणि आत जाऊन आपल्या दोन लुगड्यांचं गाठोडं बांधलं. डोळ्यांना धार लागली होती. या वेळी धुराचा बहाणाही नव्हता.

सकाळी अंबाजीची गाडी दाराशी, आणि धक्क्यावर लाँच. भागोजीने स्टोला काडी लावली. स्टो तडतडला, लाल जाळ थुंकला आणि विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला.

आवडाबाई चकितच झाली. आपण तर काही केलं नाही. तिने भोकात पिन घातली, भोक मोकळं. पंप मारला, हवा टिकत होती. मग असं थुंकायला याला झालंय काय? हवा सोडून तिने टाकीचं झाकण काढलं आणि तळातलं थोडं काचेच्या पेल्यात ओतलं. वर घासलेट तरंगलं. खाली पाणी, आणि पाण्यात खोबऱ्याचा पांढरा कपटा.

तिने मान वर केली. अंबाजी अजून बाहेर गाडीपाशीच होता. भागोजी पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"टाकीत नारलाचं पानी कोनी घातलं, भागू?"

"मी," तो पुटपुटला. "दर शनवारी स्टो बंद असायचा तवा मला घोर नसायचा. स्टो बंद तर तुला न्यायला कोनाचं तोंड हाय? काल बघतो तर तू बर्नल पुसतेस. म्हटलं बायचं मन झालं जायचं. मग मीच..."

"म्हंजे तुला ठावं होतं?"

"बाय, काजली काली असते. भोकातनं निघायचं ते लाल."

"नि मिस्त्री?"

"लोक इचारायचे, म्हनून बोलावला."

आवडाबाईला हसू आणि रडू एकदमच आलं. सगळा हिवाळा ती या गप्प राहणाऱ्या भावावर मनातून रुसली होती, आणि तो तिचं पाप पदरात घेऊन पंप मारत बसला होता. घासलेटाचा ताजा डबा हाताशी होता. टाकी धुऊन भरायला कितीसा वेळ? तिने पेल्यावर बशी झाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "स्टो गेला. चूल पेटवा."

तोवर गिरणीवाले बाकड्यांवर मांडीला मांडी लावून दाटले होते. भागोजी कप मांडू लागला, आवडाबाई चहा गाळू लागली, राहिली फुंकणी. ती तिने दिराच्या हातात दिली.

"भावजी, घरचंच मानूस तुमी. जरा फुंका."

आणि चुलीत सारलं तिवराचं ओलं लाकूड. खाडीकाठच्या त्या लाकडाच्या धुराने अंबाजीचे डोळे कोकमासारखे झाले. त्यात बाकड्यावर त्याच्याच गावचा चंदर निघाला.

"अंबाजी, वयनीला न्यायला आलास व्हय?" चंदर ओरडून म्हणाला. "मग आमी बोटीतनं उतरून काय तुझा धूर पिवाचा? गावात तोंड कसं दाखवशील तां बघ."

सगळं हॉटेल हसलं. अंबाजी खोकला, पुन्हा फुंकू लागला, पुन्हा खोकला. अखेर फुंकणी खाली ठेवून त्याने डोळे पुसले.

"भागोजीराव, ह्यो तुमचा स्टो म्हंजे नुसती शोभा. वयनी र्‍हाऊ दे इथंच. मी दुसरा गडी बघतो."

"तुमी म्हनाल तसं, पाव्हनं," भागोजी अदबीने म्हणाला. रीत मोडली नाही, कोणी कोणाला नाही म्हटलं नाही, आणि गाडी रिकामी गेली.

ती वळणाआड होताच आवडाबाईने टाकी धुतली, ताजं घासलेट भरलं आणि काडी लावली. स्टो गरजला. कावळे पुन्हा उडाले.

पुढच्या शुक्रवारी तिने कुंकू घेतलं. भागोजी बघत होता. तिने बोट टाकीच्या गोल पोटाला टेकवलं, बर्नलाला नाही.

"अंबाजी भावजी परत कवा येनार म्हनले?" तिने विचारलं.

"दिवालीला."

"मग आदल्या शुक्रवारी कुंकू वर लावीन."

"लाव," भागोजी म्हणाला. "नारल मी आनतो."