बेतार बाबांचा फोन

ग्वाल्हेरच्या दाना ओलीतल्या एका सभागृहात चपला काढायलाही जागा उरली नव्हती. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळी दाटीवाटीने बसलेली. प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि प्रत्येकाची नजर पडद्यावर खिळलेली. समोर चौरंगावर झेंडूच्या माळा घातलेला एक काळा फोन होता. त्याला कुठलीच तार नव्हती. शेजारी भगवी शाल पांघरून बेतार बाबा बसले होते.

"यहाँ तार नहीं, तप है!" बाबा गरजले. "सरकारचा फोन दिल्लीपर्यंत जातो, आमचा परलोकापर्यंत! फक्त गेलेल्याचा नंबर सांगा, बेटा. नंबरच नसेल तर आत्म्याला बोलवायचं कसं?"

शालिनीताईंना हसू आवरेना. त्यांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं. शेजारच्या उषाताईंनी गळ घातली, म्हणून केवळ सोबतीला त्या आल्या होत्या. उषाताईंचा एकुलता एक मुलगा गोविंद दिवाळीआधी अपघातात गेला होता. दारातल्या सेवकाने दोघींनाही विचारलं होतं, गेलेलं माणूस कोण, त्याचा नंबर काय, तुमचं नाव-नंबर काय. शालिनीताईंनी थट्टेथट्टेत आपल्या दिवंगत नवऱ्याचा नंबर सांगून टाकला.

शंख वाजला. बाबांनी डोळे मिटून काळा फोन कानाला लावला. थोड्या वेळाने शालिनीताईंच्या हातातला मोबाइल थरथरला. पडद्यावर नाव होतं : जगदेवराव.

त्यांचं हसू ओठांतच राहिलं. तो नंबर तर त्यांनी स्वतः बंद करून टाकला होता.

"शालिनी..." खरखरीतून एक दबका पुरुषी आवाज आला. "मी सुखात आहे. काळजी करू नकोस."

जगदेवरावांनी उभ्या संसारात त्यांना नावाने हाक मारली नव्हती. 'अगं' एवढंच. हे त्यांच्या त्याच क्षणी ध्यानात आलं. तरीही पुढच्या गुरुवारी त्या पुन्हा गेल्या, आणि त्याच्या पुढच्याही. घरी दोन खोल्या आणि दिवसाकाठी दूधवाल्याशी होणारं तेवढंच बोलणं. एकदा त्या फोनवर म्हणाल्या, "अहो, गीझर गळतोय." पलीकडून उत्तर आलं, "मी सुखात आहे." खोटं आहे हे मनाला कुठेतरी कळत होतं. पण ते खरं की खोटं हे तपासायला शाळेतली बाई त्यांच्यात जागी होऊ बघे, आणि त्याच तिला गप्प बसवत.

अशात एका गुरुवारी सकाळी उषाताई दिसल्या. चेहरा ओढलेला, ओठ सुकलेले, पाण्याचे पेल्यावर पेले चाललेले.

"उषाताई, इन्सुलिन घेतलंत ना?"

"सोडलं कालपासून. काल गोविंदचा घरीच फोन आला होता ना. म्हणाला, आई, त्या सुया फेकून दे, बाबांचं मंतरलेलं पाणी पी."

"अहो, जिवावर बेतेल! डॉक्टरांकडे चला आधी."

"डॉक्टर मोठे की माझा मुलगा, शालिनीताई? आज तो पुन्हा बोलणार आहे. मग बघू."

शालिनीताईंच्या मनात आलं : आपणही त्याच रांगेत बसत होतो. आपल्याला बघून तर या बाईची खात्री पटली नसेल?

त्या तडक नई सडकवरच्या मालवाहतूक कंपनीत गेल्या. जगदेवराव तिथे टेलिफोन ऑपरेटर होते. मग दोन कंपन्या एक झाल्या, ग्वाल्हेर, झाशी, इंदूरची ऑफिसं एकत्र जोडली गेली, इंटरनेटवरचे फोन आले आणि ऑपरेटरची खुर्ची उचलली गेली. ती सगळी व्यवस्था आता त्यांच्या ओळखीचा तरुण सूर्याजी बघत असे.

"सूर्याजी, गेलेल्या माणसाच्या नंबरवरून फोन येऊ शकतो?"

"माणूस नाही येणार, काकू. नंबर येऊ शकतो." त्याने त्यांना खुर्ची दिली. "आमचा इंदूरचा माणूस फोन करतो, तरी गिऱ्हाइकाला ग्वाल्हेरचा नंबर दिसतो. नंबर आता तारेला बांधलेला नाही. कुठला दाखवायचा, ते कॉम्प्युटरला सांगावं लागतं. सचोटीची कंपनी फक्त तुमचाच नंबर दाखवू देते. पण काही चोरवाटा अशा आहेत, की कुणाचाही नंबर टाका. गुन्हा आहे तो."

"आणि नाव?"

"ते तर तुमच्याच मोबाइलमध्ये आहे. नंबर जुळला, की तो बिचारा नाव दाखवतो."

शालिनीताई खुर्चीतून उठल्या. मग म्हणाल्या, "दुपारी माझ्याबरोबर येशील? तुला जरा मरावं लागेल."

दुपारी दारातल्या सेवकाला त्यांनी सांगितलं, "आज भावाशी बोलायचंय. सूर्याजी नाव. गेल्या वर्षी गेला." आणि सूर्याजीचा नंबर दिला. सूर्याजी मागे गर्दीत बसला होता.

शंख वाजला. शालिनीताईंच्या पडद्यावर सूर्याजीचं नाव उमटलं. त्यांनी स्पीकर चालू करून मोबाइल उंच धरला.

"ताई... मी सुखात आहे. इथे फार प्रकाश आहे..."

"मी इथे आहे!" सूर्याजी उठून ओरडला. "आणि इथे धड पंखासुद्धा नाही! हा बघा माझा फोन, बंद करून ठेवलाय."

लोक माना वळवून बघू लागले. बाबा सावरले. "बेटा, ये तो तेरी आत्मा का..."

"जित्या माणसाचा आत्मा बाहेर फिरतो का, महाराज?" शालिनीताईंनी विचारलं.

तोवर सूर्याजीने चौरंगामागचा पडदा ओढला होता. आत लॅपटॉप, आणि कानाला हेडफोन लावलेला एक माणूस ओशाळून बसलेला. झेंडूच्या माळेतला फोन कशालाच जोडलेला नव्हता. सूर्याजीने आपला मोबाइल सुरू केला आणि शालिनीताईंकडून नंबर घेऊन कंपनीच्या ॲपवरून उषाताईंना फोन लावला. त्यांच्या पडद्यावर ऑफिसचा नंबर आला.

"मावशी, ऑफिस नई सडकवर आहे. मी तुमच्यासमोर उभा आहे. एवढीच जादू आहे ही."

गर्दी बाबांकडे वळली, कुणी पोलिसांना फोन लावला. उषाताई मात्र शालिनीताईंकडे बघत होत्या.

"तुम्ही माझा गोविंद दुसऱ्यांदा नेलात," त्या म्हणाल्या.

शालिनीताईंना ते फार लागलं. पण त्या हलल्या नाहीत. "माझेही 'हे' आज पुन्हा गेले, उषाताई. मलाही तो आवाज हवा होता. आवाज हवासा वाटण्यात पाप नाही. पण जो आवाज औषध सोडायला सांगतो, त्याला जाब विचारायलाच हवा, मग पडद्यावर कुणाचंही नाव असो. डोळ्यांना दिसलं म्हणजे खरं झालं असं नाही. तपासून बघावं, आणि आपल्याला सगळ्यात जास्त हवं असेल तेच सगळ्यात आधी तपासावं."

रिक्षात बसवून त्यांनी उषाताईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टर रागावले, सलाइन लागलं. संध्याकाळी उषाताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं, तेव्हा शालिनीताई उठायला लागल्या.

"जाताय?" भिंतीकडूनच प्रश्न आला. "घरी तरी कोण आहे तुमच्या?"

"कुणी नाही."

मग शालिनीताई पुन्हा स्टुलावर टेकल्या. "गोविंद लहानपणी कसा होता हो? मी त्याला मोठा झाल्यावरच पाहिलं."

उषाताईंनी हळूच कूस बदलली. "हट्टी," त्या म्हणाल्या. "फार हट्टी."

आणि त्या सांगू लागल्या.