तीर्थाला फेस आला

बद्रीनाथ महाराजांनी कळशीतलं तीर्थ सोलरच्या प्लेटांवर ओतलं, हातानं खसाखसा चोळलं, मंत्र पुटपुटले. आणि बंद पडलेला पंप घुरघुरला. विहिरीवरच्या नळाला पाणी आलं. सोयगावजवळची ती अख्खी वाडी हात जोडून उभी.

"सूर्यनारायण रुसला होता," महाराज म्हणाले. "म्या समजूत काढली."

तनुजा गर्दीत होती. आफ्रिकेतल्या खेड्याखेड्यांत सौरपंप बसवणाऱ्या कामाची ती प्रमुख. केनिया, मलावी पालथं घालून सुट्टीला आत्याकडं आलेली. पण आत्या, लक्ष्मीबाई, लांब बाभळीखाली रिकामी घागर घेऊन बसली होती.

"पांढऱ्या कपाळाची माझी सावली प्लेटांवर पडली, म्हणून सूर्य रुसला म्हणं," ती खाली बघत म्हणाली. "नळाला हात लावू देत नाय. ओढ्यावरनं आणते पाणी."

तनुजाचं डोकंच फिरलं.

तिनं सरपंच काकासाहेबांना विचारलं. त्यांनी मोठ्या भक्तीनं सांगितलं, की दर अमावस्येला महाराज प्लेटांना तेल लावून वर भंडारा उधळतात. मग पंप मंदावतो, मग अभिषेक, मग दक्षिणा. वा रे अक्कल! तेलावर हळद, हळदीवर धूळ. ऊन आत शिरणार कुठनं?

तिनं कळशीत हात घालून तळवे चोळले. फेस आला.

"महाराज, तीर्थाला फेस कसा?"

"गंगामाईचं तेज हाय ते, पोरी. लांब हो."

"गंगामाई कपडे धुवायची पावडर कधीपासून वापरायला लागली?"

गर्दीतला सांडू पैलवान खिक्कन हसला. महाराजांनी कळशी मागं ओढली.

तनुजानं त्यांच्याच झोळीतलं तेल आणि भंडारा प्लेटांवर फासला. नळाची धार करंगळीएवढी झाली, मग तुटली. तिनं आत्याला हाक मारली, कळशीत उरलेल्या तीर्थात भिजवलेलं फडकं हातात दिलं.

"नगं," काकासाहेब पुढं आले. "तिची सावली पडंल."

"पडू द्या. सावलीनं पंप मंदावतोच, काका. तुमच्या, महाराजांच्या, म्हशीच्यासुद्धा. बाजूला झालं की चालतो. सावलीला नवरा नसतो."

लक्ष्मीबाईनं प्लेटा पुसल्या आणि ती बाजूला झाली. पंप घुरघुरला. कुणी काही बोलायच्या आत तिनं घागर धारेखाली धरली.

महाराज त्याच संध्याकाळी पळाला. तो चोर, एकटा. पण म्हातारीला ओढ्यावर धाडणारं अख्खं गाव होतं, आणि एकानंही विचारलं नाही, का म्हणून? पंप बंद पडला तर प्लेट पुसा, वायर बघा, मिस्त्री बोलवा. बाईला काय हाकलता?