उमरेडकडे पाठ

मित्रांनो, नागपुरात धंतोलीतल्या एका जुन्या दवाखान्याच्या गच्चीवर कधी आलात, तर कुलरच्या मोडक्या टपाशेजारी कठड्याला तारेनं बांधलेली एक अ‍ॅल्युमिनियमची दांडी दिसेल. तिच्यावर तुळसाबाई दवाखान्याची फडकी वाळत घालतात. ती दांडी म्हणजे मी. खरं तर मी दांडी नाही, अँटेना आहे, पण हे तुळसाबाईंना कोणी सांगितलं नाही आणि मला सांगता येत नाही. त्या माझ्या मोडक्या काड्यांना चिमटे लावतात. त्यांच्यावर माझा राग नाही. राग ज्याच्यावर आहे, त्याचं नाव गिरिधर.

हैदराबादकडच्या एका कारखान्यात आम्ही दोघे एकदमच तयार झालो, मी आणि माझा जुळा भाऊ. एक लांब दांडी आणि तिच्यावर ओळीनं बसवलेल्या काड्या, असं आमचं रूप. जेवण झाल्यावर ताटात माशाचा काटा उरतो ना, अगदी तसं. आम्हाला चहूकडचं ऐकू येत नाही. जिकडे तोंड असेल तिकडचंच नीट ऐकू येतं, पण तिकडचं फार लांबूनही येतं. म्हणून आम्हाला जोडीनं लावतात, एकमेकांकडे तोंड करून.

पंचाहत्तर साली आम्ही नागपूरला आलो. डॉक्टर यमुताईंचा धंतोलीत बाळंतपणाचा दवाखाना होता. विणकर आणि खाणकामगारांच्या बायकांसाठी त्यांनी उमरेडलाही दोन खाटांचं केंद्र काढलं होतं. तिथलं सगळं सिंधूताई नर्स बघत. अडलेल्या बाईसाठी डॉक्टरांना कळवायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे. सकाळी लावलेला कॉल दुपारी लागायचा, आणि तोवर एक तर बाळ यायचं, नाही तर आई जायची. म्हणून यमुताईंनी दिल्लीला खेटे घालून बिनतारी यंत्राचा परवाना आणला. धंतोली आणि उमरेड, दोन्हीकडे एकेक सेट, आणि बोलणं फक्त या दोघांतच.

सेटवर बसायला गिरिधरला नेमलं. तो सीताबर्डीवर रेडिओ दुरुस्त करायचा. हात असा हलका, की पेचकस फिरवला तरी मला कळायचं नाही. गच्चीवर त्यानं उंच लोखंडी खांब उभा केला, त्याला तीन बाजूंनी तारांचे ताण दिले, नकाशावर पट्टी ठेवून धंतोली ते उमरेड सरळ रेघ ओढली. यमुताईंनी विचारलं, "उमरेड रोडच्या दिशेनंच लावणार ना?"

"नाही बाई, रस्ता वळते. आपला आवाज नाही वळत," तो म्हणाला.

भावाला एसटीच्या टपावर टाकून उमरेडला पाठवलं. तिथे त्याला खांबावर चढवायचं काम सिंधूताईंच्या भावाकडे, देवाजीकडे आलं. देवाजी हातमागावर लुगडी विणायचा. गिरिधरनं ट्रंक कॉलवर ओरडून सांगितलं, "देवाजी, दांडी आडवी बांधजो गा, आडवी!"

आणि मित्रांनो, त्या दिवशी सेटमधून खरखरीशिवाय काही म्हणता काही आलं नाही. गिरिधरनं मला इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं, केबलचे सांधे पुन्हा केले. दुसऱ्या दिवशी वैतागून तो एसटीनं उमरेडला गेला. भावाच्या काड्या त्याला जमिनीला समांतर, सपाट पसरलेल्या दिसल्या. माझ्या मात्र उभ्या होत्या. आमच्यात असं चालत नाही. एकाच्या काड्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या असल्या, की समोरासमोर असूनही सेटमध्ये खरखरच येते.

"काहून गा, तुले दांडी आडवी सांगितली होती ना? काड्या काहून झोपवल्या?"

"आता घ्या!" देवाजी म्हणाला. "मागावर उभं म्हणजे ताणा अन् आडवं म्हणजे बाणा. लांब दांडी झाली ताणा, काड्या झाल्या बाणा. तू आडवं म्हणशीन तं मी बाणाच आडवा करीन ना, बाप्पा."

सिंधूताई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पुढे कितीतरी दिवस सेटवर त्या गिरिधरला चिडवायच्या, "आज उभे हा का आडवे?"

भावाच्या काड्या उभ्या झाल्या. गिरिधर परत येऊन खांबावर चढला. खाली सेटचा आवाज मोठा करून ठेवला होता. उमरेडहून सिंधूताई आकडे म्हणत राहिल्या आणि तो मला जरा जरा फिरवत राहिला. एका जागी त्यांचा आवाज असा स्वच्छ आला, की शेजारच्या गच्चीवर वड्या घालणाऱ्या बायका दचकून बघायला लागल्या. "हॅलो धंतोली, आयकू येऊन राहिलं का? ओव्हर जी."

"ताई, ओव्हर म्हणजे माझं संपलं, आता तुम्ही बोला. त्याले जी नाही लागत," गिरिधर खाली येऊन म्हणाला.

"डॉक्टरबाईच्या दवाखान्याशी बोलून राहिली मी. जी म्हणाच लागते. ओव्हर जी."

मग त्यानं माझे नट कसले, सांध्यांना टेप गुंडाळून वर मेण चोळलं आणि लाल रंगाचा ब्रश घेतला. माझ्या दांडीवरून मला खांबाला धरणाऱ्या पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून खांबावर त्यानं एकच सलग रेघ ओढली. मी कुठूनही हललो तर रेघ तुटलेली दिसणार होती. माझ्या अंगावर थाप मारून तो म्हणाला, "हे रेघ तुटली तं समज, उमरेड तुटलं." हे तो मला म्हणाला, दुसरं तिथे कोणी नव्हतं. मी ते वचनासारखं घेतलं.

पुढची सात वर्षं मी उमरेडकडे तोंड करून उभा राहिलो. मे महिन्याचं ऊन सोसलं, वावटळी सोसल्या. सिंधूताईंची हाक आली की यमुताईंची गाडी निघायची. किती बाया वाचल्या, मी मोजल्या नाहीत. बिनतारी यंत्रामुळे जगली म्हणून एका विणकरानं मुलीचं नाव तारा ठेवलं. दिवाळीला गिरिधर वर यायचा, नटांना तेल द्यायचा, ताण तपासायचा, रेघ फिकी झाली असेल तर पुन्हा रंगवायचा. मी त्याला घरचा माणूस समजत होतो.

ब्याऐंशी साली नागपुरात टीव्ही आला. सेमिनरी हिल्सवरच्या टीव्ही केंद्राकडून चित्रं येऊ लागली. यमुताईंनी पेशंटच्या नातेवाइकांसाठी दवाखान्यात टीव्ही घेतला, पण चित्रात मुंग्याच मुंग्या. "गिरिधर, एवढा मोठा रेडिओवाला तू, आणि चित्र दिसत नाही?" लोक हसले. ते हसणं त्याला लागलं.

एका रविवारी संध्याकाळी, सिनेमाच्या आधी, तो पाना घेऊन वर आला. मला वाटलं, तेल द्यायला आला. त्यानं माझे नट सैल केले. मला अर्धा वळसा देऊन सेमिनरी हिल्सकडे वळवलं आणि काड्या आडव्या केल्या, कारण टीव्हीला तशाच लागतात. ज्या आडव्या-उभ्यावरून एवढे हसलो होतो, तेच. माझी पाठ बरोबर उमरेडकडे झाली. खाली जाऊन त्यानं केबल सेटमधून काढली आणि टीव्हीला लावली.

चित्र आरशासारखं आलं. सगळ्यांनी त्याची वाहवा केली. यमुताईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "दुसरा अँटेना आणला." वर येऊन बघायला कोणाला सवड नव्हती. सिनेमा संपला की तो मला परत फिरवायचा आणि लाल रेघेला रेघ जुळवून नट कसायचा, मग केबल पुन्हा सेटला लावायचा. जी रेघ त्यानं मी हलू नये म्हणून काढली होती, तिच्याच आधारानं तो मला दर रविवारी फिरवून जागच्या जागी आणून ठेवायचा. मित्रांनो, याच्याइतकं मला दुसऱ्या कशानंच दुखवलं नाही.

देवाजीची मुलगी प्रेमिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अशाच एका रविवारी दुपारी तिला कळा सुरू झाल्या. संध्याकाळी सिंधूताईंनी पोट चाचपलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की मूल आडवं आहे. आडवं मूल आपल्या आपण येत नाही, डॉक्टर लागतात. बोलताना दाबून धरायचं सेटचं बटन त्यांनी दाबलं.

दवाखान्यात गाणं लागलं होतं. ते गाणं माझ्या तोंडावर येऊन आदळत होतं. आणि माझ्या पाठीला, अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावा तसा आवाज लागला. "हॅलो धंतोली. प्रेमिलाचं मूल आडवं हाये. गाडी पाठवा. ओव्हर जी." थोडं थांबून पुन्हा तेच. पुन्हा तेच. गाणं संपलं, मारामारी झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाठीमागे सिंधूताई बोलतच होत्या. शेवटी त्या नुसतं "गिरिधर, गिरिधर" म्हणत होत्या. खाली सेटजवळची खुर्ची रिकामी होती. तो टीव्हीसमोर बसला होता.

देवाजीनं कोळशाचा ट्रक थांबवला आणि मुलीला त्यात घातलं, सिंधूताई सोबत बसल्या. ते धंतोलीला पोहोचले तेव्हा सिनेमा संपला होता आणि मी पुन्हा उमरेडकडे तोंड करून उभा होतो. यमुताईंनी प्रेमिलाला वाचवलं. मूल गेलं, आणि पुन्हा मूल होण्याची आशाही गेली.

सकाळी यमुताई, गिरिधर, सिंधूताई आणि देवाजी गच्चीवर आले. "सिंधू, तू कळवलं कसं नाहीस गं?" यमुताई म्हणाल्या.

"कळवलं जी. लय वेळा बोलली मी."

गिरिधरनं माझ्याकडे बोट केलं. "बाई, ही रेघ बघा. जशीच्या तशी हाये. अँटेना केसभर हलला नाही." मग जरा खाली बघत म्हणाला, "ताई घाबरल्या असतीन. बटन नीट दाबल्या गेलं नसन."

यमुताईंनी सिंधूताईंच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं असं. घरचंच माणूस असलं की हात कापतो."

आणि सिंधूताई आपल्या अंगठ्याकडे बघायला लागल्या. देवाजी बहिणीकडे बघत होता. मग तो एकटाच खाली उतरला. सिंधूताईंनी मात्र स्वतःपेक्षा गिरिधरच्या रेघेवर जास्त विश्वास ठेवला.

गिरिधरनं त्याच आठवड्यात टीव्हीसाठी खरोखरच दुसरा अँटेना आणला. त्यानंतर दिवाळीलाही तो वर आला नाही. सिंधूताई मात्र पुढे बटन दोन्ही अंगठ्यांनी दाबायच्या आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारायच्या, "आयकू आलं ना?" काही वर्षांनी उमरेडला थेट फोन झाला आणि मला खाली उतरवलं.

मित्रांनो, आमच्या नटांना तेल द्या, सांध्यांत पाणी जाऊ देऊ नका, एवढंच मागून मी थांबलो असतो. पण मला दुसरंच मागायचं आहे. कोणतीही वस्तू फिरवण्याआधी तिचं तोंड कोणाकडे आहे ते बघा. आणि कोणी म्हणालं की मी हाक मारली होती, तर आधी तिचं ऐका, रेघ मग बघा.

परवा सिंधूताई आल्या होत्या. नोकरी संपली म्हणून यमुताईंना भेटायला आल्या आणि गुडघे धरत गच्चीवर चढल्या. तुळसाबाईंची फडकी बाजूला सारून त्यांनी माझ्या दांडीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "तू तं होता ना इथं. सांग बरं, दाबलं होतं का मी बटन?"

दाबलं होतं, सिंधूताई. मी प्रत्येक शब्द ऐकला. ओव्हर जी.