एकशे सदतीसचं कुलूप

"एकशे सदतीस! एकशे सदतीस!" असं कोकलत सातवी 'ब'ची पोरं खोलीबाहेर पडली, तेव्हा इतिहासाच्या बाईंना अजून काही वाटलं नव्हतं. उलट बरंच वाटलं होतं. आकडा त्यांनीच कुलपाला लावला होता.

सातवीच्या पुस्तकात शिलाई कारखान्याच्या आगीचा धडा आहे. चाळीस वर्षांपूर्वी याच शहरात लागलेली आग, दाराला बाहेरून घातलेलं कुलूप, आत अडकून मेलेल्या एकशे सदतीस बाया. परीक्षेत हमखास आकडा विचारतात आणि पोरं हमखास चुकतात. म्हणून बाईंनी एस्केप रूमचा घाट घातला. जुन्या प्रयोगशाळेला काळे पडदे लावले, दिव्यांना लाल कागद गुंडाळला, चार कोडी लपवली आणि आतल्या कडीला तीन चकत्यांचं कुलूप घातलं. मेलेल्यांचा आकडा जुळवायचा, की सुटका. चाळीस मिनिटांचा खेळ.

"आम्ही बारा मिनिटं राखून सुटलो!" एका पोरानं दुसऱ्याला टाळी दिली.

मुख्याध्यापकही टाळ्या पिटत आले. त्यांना कशालाही टाळ्या पिटायची खोड होती, त्यामुळे अख्खी शाळा पाठीमागे त्यांना टाळीमास्तर म्हणायची. "बाई, कमाल केलीत! दुपारी शिक्षण समितीनं पाहिलं, की साठ शाळांत हाच खेळ. तुमच्या नावानं!"

बाईंना गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला सांगायचं?

पोरं गेल्यावर शाळेच्या मावशी झाडू घेऊन आत आल्या. कागदाचे कपटे गोळा करता करता टेबलापाशी थबकल्या. टेबलावर त्यांचाच स्टीलचा डबा होता. "घरात काही जुनंपानं असेल तर आणा हो, आगीच्या धड्याला हवंय," असं बाईंनी गेल्या आठवड्यात म्हटलं, तर मावशींनी दुसऱ्याच दिवशी तो धुऊनपुसून आणून दिला होता. झाकणावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं. बाईंनी त्याच्या बुडाला डिंकानं चिठ्ठी चिकटवली होती, आणि जळका दिसावा म्हणून वरून बुटाचं काळं पॉलिश फासलं होतं.

मावशींनी पदरानं झाकण पुसून पाहिलं. पॉलिश आणखीच पसरलं.

"आमच्या ताईचा आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरीच विसरली. मी पळत द्यायला गेले, तर गल्लीत ही गर्दी. दार बंद आणि आतून नुसते हात आपटताहेत."

बाईंनी विचारलं, "त्या... एकशे सदतीसमधल्या?"

"छे हो. ती रोजावर होती. अशा पाचजणी होत्या. हजेरीपटात नावं नव्हती, मग मेलेल्यांत तरी कुठून येणार?" मावशींनी कपटे सुपलीत भरले. "मुलं सुटली का सगळी?"

"हो."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच बाईंना सोसेना. त्यांना स्वतःची शिसारी आली. पॉलिशचा वास बोटांना होता, तो नाकात, घशात उतरल्यासारखा वाटायला लागला. चांगल्या माणसाच्या घरातली एकुलती आठवण मागून आणायची आणि तिला काळं फासायचं!

त्या तडक टाळीमास्तरांकडे गेल्या. "खेळ बंद करा. आकडा चुकीचा आहे. पाचजणी राहिल्यात."

"समिती फाटकात आलीय, बाई! आणि पाचांनी काय फरक पडतो? पुस्तकात एकशे सदतीस, परीक्षेत एकशे सदतीस. झालं!"

बाई तशाच मागे फिरल्या. परत येऊन त्यांनी कुलपाचा आकडा बदलला आणि डबा कपाटात ठेवला. टाळीमास्तरांनी तो बाहेर काढून पुन्हा टेबलावर मांडला.

दुपारी सातवी 'अ' आत गेली. समितीच्या मॅडम कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या. पोरांनी कोडी पटापट सोडवली, एकशे सदतीस लावले आणि कडी ओढली. कुलूप उघडेना. पुन्हा लावले. लाथा घातल्या. एक मुलगी रडकुंडीला आली. "बाई, बिघडलंय हो!" घंटा वाजली. वेळ संपली. बाईंनी पुढे होऊन एकशे बेचाळीस लावले, कुलूप काढलं आणि त्या पाचजणींचं सगळं सांगितलं.

"वा!" मॅडम उठल्या. "शेवटी आकडाच खोटा! काय ट्विस्ट आहे! लिहून घ्या, साठही शाळांत असाच ठेवू." टाळीमास्तरांनी टाळ्या पिटल्या. मॅडमनी डबा उचलला. "हा नमुना म्हणून नेते. जळकेपणा कसा अस्सल उतरलाय!"

बाईंनी मॅडमच्या हातून डबा जवळजवळ हिसकावला. "बुटाचं पॉलिश आहे ते. आणि डबा खेळातला नाही. तुमच्या त्या कागदावरून माझं नावही काढा."

"अहो बाई!" टाळीमास्तर ओरडले. बाई तोवर बाहेर पडल्या होत्या.

नळाखाली डबा धरून त्या नखांनी डिंक खरवडू लागल्या. पॉलिश निघालं, डिंक मात्र निघेना. कोरलेल्या टिंबांत काळं तसंच राहिलं. मावशी शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पण त्यांनी डबा मागितला नाही.

"या खेपेला सुटली का मुलं?"

"नाही. वेळ संपली."

मावशींनी हात पुढे करून नळ बंद केला. "हां," त्या म्हणाल्या, "असंच झालं होतं."