वरच्या खणातली पाहुणी

मी एक जुना, तीन खणांचा स्टीलचा डबा आहे, मित्रांनो, आणि माझं एका गोळीशी वैर आहे. ती डाळीच्या दाण्याएवढी, मी एवढा थोरला. तरी तिचं नाव निघालं की माझ्या कड्या आपोआप आवळतात.

माझं पोलाद मुळात एका रॉकेटसाठी ठरलं होतं. रॉकेटला उशीर झाला म्हणून माझा डबा केला. विश्वास बसत नसेल तर राहू द्या. एकदा भोसरीच्या चौकात माझ्यावरून टेम्पो गेला. टेम्पोचं चाक वाकलं, मला फक्त बुडाशी एक पोचा आला. पोचा मात्र खरा आहे, कुणालाही दाखवतो.

जालन्याकडून आलेल्या गणराजने पहिली नोकरी लागली तेव्हा मला घेतलं. तो भोसरीच्या एका वर्कशॉपात लोखंडाचे सुटे भाग कातणारं सीएनसी मशीन चालवतो. अकरा वर्षं मी सकाळी भरून गेलो आणि दुपारी रिकामा परत आलो. माझं झाकण उघडलं की आजूबाजूचे ऑपरेटर म्हणत, "गणराजभाऊ, वहिनींच्या हाताला काय चव आहे राव!" वहिनींच्या हाताला! आणि ती चव धक्के खात तिथवर नेली कुणी?

मग एके दिवशी मी भरलेलाच परत आलो. दुसऱ्या दिवशीही. पुढचा सगळा आठवडाही.

गणराज मशीनवर कातलेला एकच भाग पाच-पाच वेळा मोजायचा. भोंगा वाजला की त्याची छाती धडधडायची. घरी आला की भिंतीकडे बघत बसायचा. त्याच्या बायकोला, वर्षालीला, वाटलं आपली भाजीच बिघडते. तिने चिंच लावून मला घासघास घासलं. जणू दोष माझाच!

घरमालकीण शालनबाई भोसरीच्या जुन्या गावातल्या. त्या ओट्यावरून म्हणाल्या, "अगं, मीठमोहऱ्या उतरवून झाल्या न्हवं? आता डाक्टरला दाव. खानारा मानूस खात न्हाई, यात भाजीचा काय गुन्हा हाय?"

गणराज शिफ्ट सुटल्यावर थेट दवाखान्यात गेला. मी त्याच्या मांडीवर होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"मॅडम, मी वेडा व्हायलोय का?"

"नाही हो, आजारी आहात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मेंदूच्या बुडाशी थोड्याशा पेशी असतात. त्यांचे धागे मेंदूभर पसरलेले असतात आणि ते सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. भीतीचा भोंगा वाजतो तिथे, झोप आणि भूक ठरते तिथे, विचारांना लगाम लागतो तिथेही. जागा बदलली की त्याचं काम बदलतं. ताण फार दिवस राहिला की या जाळ्याचा मेळ बिघडू शकतो. मग भोंगा थांबतच नाही."

"म्हणजे माझं ते रसायन संपलंय?"

"इतकं सरळ नसतं ते. तुमच्या मशीनमध्ये एका टाकीतून नळ्यांनी सगळीकडे तेल जातं ना? साधारण तसं धरा. ही गोळी मेळ बसायला मदत करेल. सुरुवातीला अस्वस्थ वाटेल, गुण यायला काही आठवडे लागतील. शिवाय समुपदेशक ताईंशी दर आठवड्याला बोलायचं."

आणि ती गोळ्यांची पट्टी आली कुठे? माझ्या वरच्या खणात! तिथलं लिंबाचं लोणचं हाकलून दिलं. डबा खाल्ला की गोळी घ्यायची, असं ठरलं.

पहिले दोन आठवडे गणराज आणखीच बेचैन होता. मी खूश. म्हटलं, चार दिवसांची पाहुणी, जाईल. पण पाचव्या आठवड्यात त्याने दोन चपात्या संपवल्या. वर्षाली हरखून म्हणाली, "गोळी लागू पडली बाई!" अकरा वर्षं पोटाला मी घातलं आणि नाव गोळीचं झालं. मत्सराने माझं झाकण तापलं.

पुढे एक नवल घडलं. आमच्या भोसरीत कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. एका गुरुवारी गणराज स्वतःशीच म्हणाला, "आज मशीन बंद, तर तेल बी बंद." त्याने गोळी घेतली नाही. मग दर गुरुवारी तेच. दिवाळीत कारखाना आठ दिवस बंद, तर गोळीही आठ दिवस बंद. कुणाला न विचारता! ती पट्टी माझ्या पोटात रिकामटेकडी पडलेली बघून मला काय गोड वाटलं म्हणून सांगू.

दिवाळीनंतर तो कामावर गेला तो चक्कर घेऊनच. डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय म्हणाला. आणि मी? मी पुन्हा भरलेलाच परत आलो. त्या संध्याकाळी उंबऱ्यात बसून तो वर्षालीला म्हणाला, "मी नसलो तर तुमचं काही अडायचं नाही."

मित्रांनो, माझा सगळा हेवा तिथेच गार पडला. गणराजच राहिला नाही तर मी वैर करू कुणासाठी?

मी फळीवरून उडी मारली. वर्षालीचा धक्का लागला असं लोक म्हणतात, म्हणू देत. माझं झाकण उघडलं आणि जवळजवळ भरलेली पट्टी तिच्या पायाशी पडली. तिने ती बघितली, नवऱ्याकडे बघितलं. ओरडली नाही. "चला," म्हणाली, "आत्ताच जाऊ."

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "गणराज, मशीन बंद होतं. मेंदू गुरुवारी बंद असतो का? झोपेतसुद्धा चालूच असतो तो. गोळी अचानक सोडली म्हणूनच ही चक्कर आणि हा करंट. चूक माझ्या उदाहरणाची. पण यापुढे मला विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही, आणि आपण नसलेलं बरं असे विचार आले तर लगेच वर्षालीताईंना सांगायचं, मला सांगायचं. कबूल?"

"कबूल, मॅडम."

सावरायला त्याला उन्हाळा उजाडला. गोळी, बोलणं, वर्षालीबरोबर संध्याकाळचा फेरफटका, सगळंच लागलं. थोडं मीही लागलो, पण ते कुणी बोलत नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत पलीकडच्या मशीनवरचा सनी आपला निळा प्लास्टिकचा डबा न उघडताच बसला होता. गणराज मला तसाच अर्धवट सोडून त्याच्याकडे गेला.

"काय भावा, किती दिवस झाले जेवला नाहीस?"

सनी आधी हसला. मग त्याचे डोळे भरले.

"मला बी झालं होतं. उद्या माझ्यासंगं डॉक्टरबाईंकडं चल."

त्या निळ्या डब्याचा मला असा हेवा वाटला की विचारू नका! पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचा डबा भरलेला परत आला, तर डब्याला घासत बसू नका आणि माणसाला रागावू नका. शेजारी बसा आणि विचारा. माझी भाजी त्या दिवशी निवून गेली. जाऊ दे.