उतरती किंमत

आडवी रेघ मारून खोडलेला आकडा आधी दिसला, मग त्याच्याखाली आजची किंमत — दहा हजार चारशे. काल अकरा हजार होती. बद्रीनाथ मास्तरांनी मोबाइल डाव्या डोळ्यासमोर धरला, कारण उजव्याने बघितलं की मधला आकडाच गायब व्हायचा, कडेचे तेवढे राहायचे. खोडलेली किंमत कधी खरी होती तरी का? खोडण्यासाठीच लिहिलेली असणार. पस्तीस वर्षं वह्या तपासल्यावर एवढं कळतं, की पोरानं चूक झाली म्हणून खोडलंय, की आपण फार विचार केला असं दाखवायला.

फेब्रुवारीपासून तिसऱ्यांदा उतरली. पुस्तकं वाचायचं ते यंत्र, वहीपेक्षा लहान. अक्षर हवं तेवढं मोठं होतं आणि मोबाइलसारखं डोळ्याला पाणी आणत नाही, असं वंदना म्हणाली होती — अंबडला शिक्षिका असलेली त्यांची लेक. थांबू, उतरेल अजून, असं ते तेव्हा म्हणाले आणि उतरलीच. पण उतरतेय कशाला? जुना माल खपवत असतील. की मी रोज बघतो हे कळतं त्यांना... परतूरचा एक म्हातारा सकाळी येतो, आकडा बघतो, निघून जातो...

"घेऊन टाका की आता," चहा ठेवत दैवशालाबाई म्हणाल्या.

"सणाला अजून उतरेल."

"उतरू द्या. तुमी घ्या."

मास्तरांनी मान वर केली. मेथीच्या जुडीसाठी अर्धा बाजार फिरणारी ही आपली बायको! आणि कालच वंदनाही फोनवर, "अण्णा, पैसे मी भरते, पण थांबू नका." दोघींची भाषा एकच. गेल्या महिन्यात जालन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासल्यावर त्यांना बाहेर बाकावर बसवलं होतं आणि या दोघी आत थांबल्या होत्या. बिल द्यायचंय, म्हणाल्या. बिलाला एवढा वेळ?

"डॉक्टर काय बोलले तुला?"

"कव्हा?"

"मला बाहेर बसवलं तेव्हा."

त्या समोर खाली बसल्या. मग म्हणाल्या, "डावाबी जाऊन राह्यलाय, म्हणले. जेवढं वाचणं व्हईल तेवढं जल्दी वाचू द्या, म्हणले."

म्हणजे संशय बरोबर होता. बरोबर निघाल्याचं ओळखीचं समाधान क्षणभर आलंसुद्धा — पण टिकलं नाही. कारण मला हे माहीत नव्हतं का? मार्चमध्ये वर्तमानपत्राचा मजकूर गेला, परवापासून मथळेही विरघळू लागले... आणि मी किंमत बघत बसलो. यंत्र घरात आलं असतं, अक्षर वाढवत वाढवत शेवटच्या मापापर्यंत नेलं असतं, आणि तेही दिसलं नसतं तर? जे यंत्र घेतलंच नाही, त्यात सगळी पुस्तकं अजून वाचता येत होती.

"मागवायला सांगू का वंदीला?" दैवशालाबाईंनी विचारलं.

दुकानाचा संशय येईना, लेकीचा येईना, समोर बसलेल्या या बाईचाही येईना. आणि तो नसताना कसं बसायचं, हेच त्यांना उमजेना. मागे नुसती भीती उरली होती, त्यांची स्वतःची, इतक्या महिन्यांत कुणालाही न दाखवलेली.

"अगं," ते म्हणाले, आणि आवाज आपला वाटला नाही म्हणून थांबले, "मला भ्या वाटतंय..."