बिनदुधाचं बाळंतपण

वडनेरमध्ये डोमाजीच्या दुधाला कधी कोणी नाव ठेवलं नव्हतं. चार म्हशी, दोन गावरान गाई आणि सकाळी मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना लटकवलेले कॅन, असा त्याचा तीस वर्षांचा परिपाठ. बायको चार वर्षांपूर्वी वारली. त्यामुळे लेक जागृती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार असं कळल्यावर शेजारच्या बायकांनी त्याला तोंडावरच विचारलं होतं, की घरात बाईमाणूस नाही, बाळंतिणीचं करणार कोण?

"मी करीन," डोमाजी म्हणाला होता.

आणि त्यानं केलंही. न्हाऊमाखू घालायला एक बाई लावली, पण चूल स्वतः सांभाळली. स्वयंपाकातलं त्याला बेताचंच येत होतं. एक गोष्ट मात्र त्याला पक्की ठाऊक होती, की बाळंतीण उभी राहते ती दुधावर. उठल्याबरोबर खारकेचं दूध, मग तुपानं ओथंबलेला शिरा, जेवताना वरणभातावर तुपाची धार, तिसऱ्या प्रहरी दुधात शिजवलेली अळिवाची खीर, निजताना पुन्हा हळदीचं दूध. जागृती हसायची. "बाबा, मी लेकरू पाजून राह्यली का तुमचं रतीब संपवून राह्यली?" पण पेला रिकामा करायची.

पोर झाली ती गुंजन. पहिला महिना बरा गेला. मग ती पाजून झालं की कण्हायला लागली, पाय पोटाशी ओढून घ्यायची, तासतासभर रडायची. कोणी म्हणालं वारा धरला, कोणी म्हणालं दृष्ट लागली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी जागृतीनं लंगोट बदलताना हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच डोमाजी हातातली चरवी खाली ठेवून आत धावला. शी शेंबडासारखी चिकट होती आणि तिच्यात रक्ताचे धागे होते.

दुपारपर्यंत ते सावंगीच्या दवाखान्यात होते. डॉक्टरीण तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिनं गुंजनला तपासलं, वजन केलं, जागृतीला काय काय खातेस ते सविस्तर विचारलं. डोमाजीनंच पुढे होऊन सगळं सांगितलं, थोड्या अभिमानानंच.

डॉक्टरीण ऐकून घेऊन म्हणाली, "काका, बाळाला गाई-म्हशीच्या दुधातलं एक प्रथिन सोसत नाहीये. आईनं दूध प्यायलं की ते अंगावरच्या दुधातून बाळाच्या पोटात जातं आणि आतडं दुखावतं. घाबरण्यासारखं नाही. पाजणं मुळीच थांबवायचं नाही. फक्त आईच्या खाण्यातलं दूध बंद करा."

"शेळीचं चालन काय?"

"तेही नाही."

"दही? ताक?"

"दही, ताक, लोणी, खवा, पनीर, काहीच नको. तूपसुद्धा नको. पुड्यातली बिस्किटं घेताना मागचं वाचून घ्या, बऱ्याच वेळा दुधाची पावडर असते. कॅल्शियमच्या गोळ्या देते. चार आठवड्यांनी दाखवा."

"मंग हे खाईन काय?" डोमाजीनं विचारलं.

"बाकी सगळं," डॉक्टरीण म्हणाली.

एसटीत परत येताना डोमाजी खिडकीबाहेर बघत राहिला. रोज पहाटे उठून, म्हशीला सरकी-ढेप घालून, फेसाळता पेला त्यानं स्वतःच्या हातानं लेकीला दिला होता. आणि त्याच पेल्यानं नातीच्या पोटात रक्त आणलं होतं. ज्या दुधावर त्यानं घर उभं केलं, लेकीला शिकवलं, तेच दूध.

पहिले आठ दिवस जागृतीनं कोरडी भाकर, वरण आणि उकडलेली भाजी यावर काढले. दूध नाही म्हणजे काय करावं हे डोमाजीला सुचेना, म्हणून त्यानं ताटातून एकेक वस्तू काढून टाकली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. जागृतीला सगळ्यात जड गेला तो चहा. सकाळी ती उठायची, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत यायची आणि तशीच परत फिरायची. तिचा चेहरा उतरला. पण गुंजनच्या लंगोटात रक्त दिसेनासं झालं, आणि पोर रात्रीची सलग तीन तास झोपू लागली.

नवव्या दिवशी डोमाजीनं डिंकाचे लाडू केले. बायको करायची तसे, आठवून आठवून. डिंक तळायला कढई ठेवली आणि तेलाची बाटली हातात घेऊनही त्याचा जीव होईना. बाळंतिणीची कंबर तेलानं थोडीच भरून निघते? आणि तूप म्हणजे काही दूध नव्हे, एवढं कढवल्यावर त्यात दुधाचं राहतं काय? डॉक्टर लोक सांगतात म्हणून सगळंच ऐकायचं नसतं. त्यानं तूप घातलं. जागृतीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "तेलात तळला."

तिनं तीन दिवस रोज दोन लाडू खाल्ले. कितीतरी दिवसांनी काहीतरी गोड, खमंग तोंडात गेल्यावर तिचे डोळे मिटले होते, ते बघून डोमाजीला बरं वाटलं होतं. चौथ्या सकाळी लंगोटात पुन्हा रक्ताचे धागे आले.

तो अंगणात कॅन विसळत होता. आतून जागृती फोनवर नवऱ्याशी, रुपेशशी बोलत होती. रुपेश चंद्रपूरला नोकरीला होता, रविवारी यायचा. "मी कायच खाऊन नाई राह्यली, तरी होऊन राह्यलं," ती रडत सांगत होती. "माह्या दुधातच काहीतरी हाय. उद्यापासून डब्याची पावडर सुरू करतो. नाई जमत मले आता."

डोमाजीच्या हातातला काथ्या थांबला. तो आत गेला आणि दारातच उभा राहिला.

"फोन ठेव बेटा. माहं आयक."

त्यानं लाडवांचं सांगितलं. खाली बघत, पण काही न लपवता. जागृतीनं गुंजनला जवळ ओढून घेतलं. ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळपासून मी सोताले दोष देऊन राह्यली होती."

"माहं चुकलं."

"आता मले खरं सांगत जा. चव नसन तर चालन, पण खरं सांगा."

त्या दिवशी दुपारी डोमाजी गोठ्यात नुसता बसून राहिला. सखू शेण भरत होती. गावाच्या टोकाला गोंडांची सात-आठ घरं आहेत, त्यातली ती. बारा वर्षांपासून त्याचा गोठा झाडत होती. तिनं विचारलं, तसं डोमाजीनं सगळं सांगून टाकलं, आणि म्हणाला, "बिनदुधाची बाळंतीण जगन कशी, मले सांग."

सखू पाटी खाली ठेवून म्हणाली, "मी जगली न."

"म्हणजे?"

"मी दूध नाई पेत, भाऊ. मले सोसतच नाई. आमच्या मायच्या घरी गाईचं दूध वासराचं, आमी काढतच नोतो. चार लेकरं पाजले मी. एकबी उपाशी नाई राह्यलं."

डोमाजीनं विचारलं, "आन मी रोज चहा देतो थो?"

"कुत्र्याले देतो."

बारा वर्षं रोज सकाळी तो दुधाचा दाट चहा कपात ओतून सखूसाठी गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवत आला होता. "सांगतलं काऊन नाई मले?"

"तुमी इचारलं कधी?" सखू म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं बोअरवर हात धुतले आणि म्हणाली, "चला, तुमचा चुला दाखवा."

तिनं आधी चहा केला. पाण्यात आलं ठेचून, परसातला गवती चहा तोडून टाकला, गूळ घातला, चिमूटभर पत्ती, आणि खाली उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब. तांबूस, पारदर्शक चहा. जागृतीनं नाखुशीनंच पहिला घोट घेतला. मग दुसरा. मग पलंगावर नीट मांडी घालून बसली आणि कप दोन्ही हातांत धरून सावकाश संपवला.

"अजून हाय काय?" तिनं विचारलं.

डोमाजी दाराआड होता. तो लगेच उरलेला चहा घेऊन आत आला.

दुसऱ्या दिवशी सखूनं त्याला लाडू शिकवले. तीळ, जवस आणि शेंगदाणे वेगवेगळे भाजायचे, खोबरं किसून परतायचं, डिंक तिळाच्या तेलात फुलवायचा, गुळात सगळं वळायचं. "हात गरम असतानाच वळा," ती सांगत होती. डोमाजीचे पहिले लाडू फुटले, ते त्यानं वाटीत चुऱ्यासारखे दिले. जागृतीनं चमच्यानं खाल्ले आणि म्हणाली, "फुटलेलेच करत जा बाबा, असे जास्त छान लागते."

मग डोमाजीला नाद लागला. जानेवारी होता, शेतात तूर भरली होती. त्यानं हिरव्या शेंगा सोलून सोलेभात केला, वरून लसणाची कडकडीत फोडणी. वांगं निखाऱ्यावर भाजून भरीत केलं आणि वर जवसाचं कच्चं तेल सोडलं, तेव्हा जागृतीनं भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. अंबाडीची भाजी जमली. गोळाभात पहिल्यांदा फसला, बेसनाचे गोळे भातात विरघळून त्याची वेगळीच खिचडी झाली. दोघांनी ती खाल्ली. दुसऱ्यांदा गोळे टिकले. वरून गरम तेलाची फोडणी ओतताना त्याच्या लक्षात आलं, की ह्या भातावर त्यांच्या घरी कधी तूप घेतलंच नव्हतं. त्याच्या आईच्या हातचे कितीतरी पदार्थ असेच होते. दूध विकायचं असायचं, म्हणून घरात ते जपून वापरायचे. ते सगळं तो विसरूनच गेला होता.

अळिवाची खीर मात्र राहिली होती. रुपेशनं रविवारी येताना नारळ आणले, मोबाइलवर कृती दाखवली. डोमाजीनं खोवलेला नारळ वाटला, फडक्यात घालून पिळला. पातेल्यात पांढरं दाट दूध जमा झालं तसा तो म्हणाला, "म्हैस काय न नारळ काय, पिळल्याबिगर देत नाई." जागृती मोठ्यानं हसली. महिनाभरात पहिल्यांदाच.

बिस्किटांचा पुडा हातात आला की तो आता चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचायचा. दुकानदार वैतागायचा. गावातही कुजबुज झाली. रतिबाच्या घरी एका म्हातारीनं विचारलंच, "डोमाजी, तुह्याच घरी तुहं दूध बंद हाय म्हणते? मंग आमाले कायले घालतं?"

महिन्यापूर्वी ह्या बोलण्यानं तो आठ दिवस जेवला नसता. आता माप भरता भरता म्हणाला, "दुधात काई खोट नाई, काकू. माह्या नातीले सोसत नाई एवढंच. तुमाले सोसते न?"

"हाव."

"मंग घ्या."

सखूच्या चहाचा कप अजूनही कट्ट्यावर जायचा, पण आता त्यात दूध नसायचं. कुत्रं दोन दिवस कपाभोवती घुटमळलं आणि मग त्यानं नाद सोडला.

ठरलेल्या दिवशी ते पुन्हा सावंगीला गेले. दोन आठवडे लंगोट स्वच्छ होता, तरी गुंजनला वजनकाट्यावर ठेवल्यावर डोमाजी आकड्यावरून नजर हलवेना. डॉक्टरिणीनं आकडा बघितला, जुना कागद बघितला आणि हसली.

"मस्त वाढलंय बाळ. आई, तुझीही तब्येत सुधारलीय. काय खातेस?"

जागृतीनं बापाकडे बोट दाखवलं. डोमाजीनं सांगायला सुरुवात केली, सोलेभातापासून. डॉक्टरीण ऐकत राहिली, मग म्हणाली, "काका, जवसाच्या लाडवांचं प्रमाण लिहून द्या मला. अजून दोघी-तिघी आहेत अशा आया." पुढे तिनं सांगितलं, की बहुतेक बाळांना वर्षाच्या आसपास दूध सोसायला लागतं, काही महिन्यांनी ती सांगेल तेव्हा थोडंसं देऊन बघायचं, आणि तोवर घाई करायची नाही.

"घाई कोणाले हाय," डोमाजी म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं.

परतताना गाडी बदलायला वर्ध्याच्या बसस्टँडवर उतरले तेव्हा वडनेरकडची गाडी लागायला अर्धा तास होता. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोह्यांची वाफ निघत होती. शेजारच्या पातेल्यात चण्याची लाल तर्री उकळत होती. दोन महिन्यांत जागृतीनं बाहेरचा घास तोंडात घातला नव्हता. ती ठेल्यापाशी गेली.

"भैया, पोहे कशात करता? तूप-बटर काई असते काय?"

"तेल हाय ताई. शेंगदाण्याचं."

"तर्रीत दही?"

"तर्रीत दही कोण टाकते?" ठेलेवाला जरा दुखावूनच म्हणाला.

जागृतीनं गुंजनला बापाच्या हातात दिलं आणि बाकावर बसली. पोह्यांवर तर्री, वर कच्चा कांदा, शेव, लिंबाची फोड. पहिला घास घेतल्यावर तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा घास लगेच घेतला.

"तिखट हाय काय?" डोमाजीनं विचारलं.

"लय," ती म्हणाली, आणि प्लेट पुढे करून ठेलेवाल्याला म्हणाली, "भैया, अजून थोडी तर्री टाका."

गुंजन आजोबाच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. तिचं वजन त्याला आता हाताला कळत होतं. तो सावलीत सरकला, पोरीच्या तोंडावरचं फडकं नीट केलं, आणि लेकीचं खाणं होईपर्यंत तसाच उभा राहिला.